एका डॉलरची मर्यादा : ऑस्ट्रेलियातल्या पोकी मशीनविरोधी लढ्याची पार्श्वभूमी

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत आता मराठी घरं बरीच झाली आहेत. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचे आईवडील भारतातून आलेले असोत, पुष्कळदा जवळच्या क्लबात टेबल सांगितलं जातं. पार्किंग मोठं, मुलांना खेळायला कोपरा आणि जेवण स्वस्त. ते इतकं स्वस्त कसं परवडतं, हे मला इथे येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं. हात धुवायला म्हणून उठलो आणि चुकीचं दार ढकललं. आत दुपार आहे की मध्यरात्र हे कळायला मार्ग नव्हता. माझ्या आईच्या वयाची एक बाई मांडीवर पर्स घेऊन मशीनसमोर बसली होती. बोट बटणावर टेकलेलं. पडद्यावरची चित्रं फिरून थांबली, दिवे लागले, जिंकल्याची धून वाजली. मी सहज आकडा पाहिला. तिने एक डॉलर लावला होता आणि परत मिळाले होते ४० सेंट. म्हणजे ६० सेंट गेले आणि मशीनने त्याचा आनंद साजरा केला. बाईने मान वर केली नाही, पुन्हा बटण दाबलं.

या मशीनला इथे सगळे ‘पोकी’ म्हणतात, पोकर मशीनचं लाडकं नाव. देशभरात ती दोन लाखांच्या जवळपास आहेत आणि लोक त्यांत वर्षाला १२ अब्ज डॉलरहून जास्त हरतात. जुगारावर माणशी सर्वात जास्त पैसे गमावणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलियाचं नाव कायम वर असतं. या मशीनना लगाम घाला, असं म्हणणारी चळवळ तीस वर्षांहून जुनी आहे. तिची मागणी किती लहान आहे आणि ती अडवायला केवढी ताकद लागली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

न्यू साउथ वेल्समधल्या क्लबांत ही मशीन कायदेशीर होण्याआधीच ठेवलेली असत आणि सरकार तिकडे काणाडोळा करी. १९५६ मध्ये जो काहिल यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने त्यांना रीतसर परवानगी दिली, पण फक्त नोंदणीकृत क्लबांना. कल्पना अशी की क्लब सभासदांचा, नफा खाणारा मालक नाही, तेव्हा पैसा समाजातच फिरेल. माजी सैनिकांचे क्लब, बोलिंग क्लब, रग्बी क्लब यांच्या इमारती या पैशावर उभ्या राहिल्या. सिडनीत १९५३ साली सुरू झालेली अ‍ॅरिस्टोक्रॅट ही मशीन बनवणारी कंपनी याच बाजारावर वाढली आणि आज ती जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. या पहिल्या पायरीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्या काळचं मशीन हँडल ओढून चालवायचं, नाणं टाकायचं, चाकं फिरायची. त्याचा वेगच कमी होता.

बाकीच्या राज्यांनी पस्तीस वर्षं ही मशीन दूर ठेवली. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातले लोक बसगाड्या भरभरून सीमेवरची मरे नदी ओलांडत आणि पलीकडच्या न्यू साउथ वेल्समधल्या क्लबांत जाऊन खेळत. मग १९९०च्या सुमारास व्हिक्टोरियाचं अर्थकारण कोसळलं. सरकारी बँक विकावी लागली, तिजोरीत खडखडाट झाला. जोन कर्नर यांच्या मजूर सरकारने १९९१ मध्ये कायदा केला आणि नंतर आलेल्या जेफ केनेट यांच्या लिबरल सरकारने हा धंदा दोन्ही हातांनी कवटाळला. क्वीन्सलँडमध्ये १९९२ साली मशीन आली, दक्षिण ऑस्ट्रेलियात १९९४ साली. १९९७ मध्ये न्यू साउथ वेल्सने पबनाही पोकर मशीनची मुभा दिली. सभासदांच्या क्लबाचं जुनं समर्थन तिथे संपलं. यात मजूर पक्ष आणि लिबरल पक्ष असा फरक करता येत नाही, दोघांनाही कराचा पैसा हवा होता.

दरम्यान मशीन पार बदललं होतं. हँडल गेलं, बटण आलं. नाण्याची जागा नोटेने घेतली, खऱ्या चाकांची जागा पडद्यावरच्या चित्रांनी. निकाल ठरतो आतल्या संगणकाने निवडलेल्या आकड्यांवर. चित्रं कशी फिरतात हा नुसता देखावा असतो. एका डावात वीस-पंचवीस ओळींवर पैसे लावता येतात, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या ओळीवर काहीतरी लागतंच आणि धून वाजते. मी त्या दिवशी ऐकली तीच ती.

व्हिक्टोरियाच्या नियमानुसार मशीनने सरासरी किमान ८७ टक्के परतावा द्यायला हवा. ऐकायला हे बरं वाटतं. शंभर घेऊन गेलो तर तेरा जातील, एवढी करमणूक चालते, असं माणूस समजतो. पण हा हिशेब घेऊन आलेल्या पैशाचा नसतो, प्रत्येक डावाचा असतो. परत आलेले ८७ पुन्हा लावले की त्यांचेही १३ टक्के जातात, उरतात त्यांचेही, आणि हे तीन-तीन सेकंदांनी घडतं. तासाला बाराशे डाव होतात. एका डावाला १० डॉलर लावता येत असतील आणि दर डॉलरमागे सरासरी १० सेंट जात असतील, तर तासाला १,२०० डॉलर गेले. डावाला एकच डॉलर लावता आला, तर १२०. सगळी लढाई या दोन आकड्यांमधल्या अंतराची आहे.

पहिला मोठा आवाज दक्षिण ऑस्ट्रेलियात उठला. अ‍ॅडलेडचे वकील निक झेनोफोन १९९७ मध्ये ‘नो पोकीज’ एवढ्या एकाच मुद्द्यावर राज्याच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक लढले. तीन टक्क्यांहूनही कमी पहिल्या पसंतीची मतं पडली, पण दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर ते निवडून आले. मशीन येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, तेवढ्यात लोकांच्या घरात काय चाललंय ते दिसू लागलं होतं. व्हिक्टोरियात बाप्टिस्ट धर्मोपदेशक टिम कॉस्टेलो हेच बोलत होते. चर्चच्या दाराशी मदत मागायला येणाऱ्यांच्या गोष्टींत मशीनचं नाव वारंवार येत होतं, त्यामुळे या चळवळीत सुरुवातीपासून धर्मोपदेशक, समुपदेशक आणि कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारे लोक पुढे राहिले.

पण ‘लोक सांगतात’ यावर सरकार हलत नाही. खरं बळ दिलं ते प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या केंद्र सरकारच्याच सल्लागार संस्थेने. तिचा पहिला अहवाल १९९९ चा, दुसरा २०१० चा. हे अर्थतज्ज्ञांचं मंडळ, बाजारपेठेच्या बाजूने बोलणारं. त्यांनीच लिहिलं की मशीनवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी साधारण ४० टक्के पैसा अशा लोकांकडून येतो, ज्यांना खेळणं आवरत नाही. एकामागे आणखी पाच ते दहा माणसं भरडली जातात : बायको, मुलं, आईवडील, उसने देणारा मित्र. २०१०च्या अंदाजानुसार देशात असे १,१५,००० लोक होते आणि त्या वाटेवर असलेले आणखी २,८०,०००.

हा ४० टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचावा. दारूच्या दुकानदाराने सांगितलं की माझा दोन पंचमांश गल्ला यकृत सडलेल्यांकडून येतो, तर आपण त्याला ‘ग्राहकांना जबाबदारीने प्यायला सांगा’ एवढ्यावर सोडू का? क्लब आणि पब मात्र नेमकं हेच सांगत आले. ‘जबाबदारीने खेळा’ अशी पाटी लावायची, मदतीचा फोन नंबर चिकटवायचा. म्हणजे दोष खेळणाऱ्याचा, मशीन निर्दोष. चळवळीतल्या पुष्कळांनी म्हणूनच पुढे ‘प्रॉब्लेम गॅम्बलर’ हा शब्दच सोडून दिला. त्या शब्दाने आजार माणसाच्या आत ढकलला जातो. ते आता जुगाराने होणाऱ्या हानीबद्दल बोलतात.

२०१०च्या अहवालाच्या शिफारशी सौम्य होत्या. डावाला जास्तीत जास्त एक डॉलर. एका वेळी मशीनमध्ये २० डॉलरपेक्षा जास्त रोख नको. आणि खेळण्याआधी स्वतःची मर्यादा स्वतःच ठरवायची, ती ओलांडली की मशीन थांबेल. यात बंदी कुठेच नव्हती. करमणूक म्हणून खेळणारे बहुतेक जण एरवीही डावाला डॉलरच्या आतच लावतात, हे आयोगाला दिसलं होतं.

त्याच वर्षी एक दुर्मीळ संधी आली. ऑगस्टच्या निवडणुकीत संसद त्रिशंकू झाली. होबार्टचे अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांच्या मताशिवाय मजूर पक्षाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना सरकार बनवणं कठीण होतं. विल्की म्हणजे इराक युद्धाच्या कारणांवर आक्षेप घेऊन २००३ मध्ये गुप्तचर विश्लेषकाची नोकरी सोडलेला माणूस. त्यांनी पाठिंब्याच्या लेखी करारात पोकीचा मुद्दा घातला : मर्यादा आधी ठरवणं देशभर सक्तीचं करायचं.

क्लब उद्योगाने मग २०११ मध्ये जी मोहीम उघडली, तिच्यासमोर भलेभले खासदार गळाठले. ‘हे अन-ऑस्ट्रेलियन आहे’ अशी घोषणा झाली. आता खेळायलाही लायसन्स काढावं लागणार, असा प्रचार झाला. निम्न मध्यमवर्गीय मतदारसंघांत, जिथे थोडक्या मतांनी जागा जातात, तिथल्या क्लबांत स्थानिक मजूर खासदाराचा फोटो लावून विचारलं गेलं : हे तुमच्या बाजूने का उभे राहत नाहीत? मुलांच्या फुटबॉलला पैसे कुठून येणार, हा प्रश्न घरोघरी गेला. त्याला तोडीस तोड उत्तर देण्याइतका पैसा चळवळीकडे नव्हताच. विल्कींचं एक मत हाच त्यांचा आधार. नोव्हेंबर २०११ मध्ये विरोधी बाजूचे पीटर स्लिपर सभापती झाले, सरकारचं एक मत वाढलं आणि विल्कींची गरज उरली नाही. २१ जानेवारी २०१२ रोजी गिलार्ड सरकारने करारातून माघार घेतली. विल्कींनी पाठिंबा काढला, पण सरकार पडलं नाही. त्या वर्षअखेर एक पातळ केलेला कायदा झाला. तोही नंतर आलेल्या टोनी अ‍ॅबट यांच्या लिबरल सरकारने २०१४ मध्ये गुंडाळला.

क्लबांशिवाय मुलांनी खेळायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर खरं तर देशातच होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका कसिनोपलीकडे पोकी नाहीत, पबमध्ये नाहीत, क्लबात नाहीत. तिथेही मुलं फुटबॉल खेळतात.

दुसऱ्या देशांत काय झालं तेही बघण्याजोगं आहे. नॉर्वेने १ जुलै २००७ रोजी खाजगी मशीन सरसकट बंद केली आणि नंतर सरकारी कंपनीची हळू चालणारी, कार्डाशिवाय न उघडणारी मशीन आणली. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या मशीनवर २० सेकंदांना १०० पौंड लावता येत. खासदारांचा एक सर्वपक्षीय गट वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागला, आणि मुलांच्या आत्महत्येनंतर रस्त्यावर उतरलेले आईवडीलही. सरकारने मर्यादा दोन पौंडांवर आणायचं मान्य केलं, पण अंमलबजावणी ऑक्टोबर २०१९ पर्यंत लांबवली. खातं सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी या दिरंगाईवरून राजीनामा दिला आणि आठवड्याभराने नाही, तरी त्याच महिन्यात सरकार नमलं. १ एप्रिल २०१९ पासून दोन पौंडांची मर्यादा लागू झाली.

ऑस्ट्रेलियात कोर्टाची वाटही चोखाळून झाली. मशीनमध्ये कित्येक वर्षं घालवलेल्या एका महिलेने मशीनची कंपनी आणि मेलबर्नचा कसिनो यांच्यावर फेडरल कोर्टात दावा लावला. मुद्दा असा की मशीनची रचनाच दिशाभूल करते : पाच चाकांपैकी शेवटच्या चाकावर चित्रं जास्त असतात, ते खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि तोटाही विजयासारखा वाजवला जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती हरली. मशीन नियमांनुसारच होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये टास्मानियात मजूर पक्ष पब-क्लबांतून पोकी हटवण्याचं वचन देऊन निवडणूक लढला आणि हरला. नंतर त्याने ते वचनच सोडलं. न्यू साउथ वेल्समध्ये २०२२ साली राज्याच्या गुन्हे आयोगाने सांगितलं की गुन्हेगारीतून आलेला पैसाही या मशीनमध्ये ओतला जातोय. मुख्यमंत्री डॉमिनिक पेरोटे यांनी सगळी मशीन रोखविरहित करण्याचं जाहीर केलं, पण मार्च २०२३ मध्ये त्यांचं सरकार गेलं.

व्हिक्टोरियाने मात्र तुकड्या-तुकड्याने काही केलं. २०१२ मध्ये मशीनच्या जागांतून एटीएम काढले आणि लोकांचा मशीनवरचा खर्च घटला. मर्यादा ठरवायची ऐच्छिक सोयही सुरू केली, ती मात्र फारच थोड्यांनी वापरली. जे सक्तीचं केलं तेच चाललं. २०२४ च्या ऑगस्टअखेरपासून कसिनोबाहेरच्या सगळ्या ठिकाणी पहाटे ४ ते सकाळी १० मशीन बंद ठेवावी लागतात.

आपल्याकडचा धागा गोव्यात आहे. गोव्याने १९९२ मध्ये जुगारबंदी कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या कसिनोंना. सुरुवात मशीनपासूनच झाली आणि मांडवीतली जहाजं मागाहून आली. कारणही तेच, महसूल आणि पर्यटन. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करून टाकला.

या सगळ्या पराभवांत मला रोम्झी गावाची गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. मेलबर्नच्या उत्तरेला तासाभरावरचं लहान गाव. तिथल्या हॉटेलने ३० मशीन मागितली. नगर परिषदेने लोकांना विचारलं, तीन चतुर्थांशाहून जास्त लोक नको म्हणाले. प्रकरण वर गेलं, एकदा परवानगी मिळालीही. २००८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने म्हटलं की गावाला काय वाटतं हेही समाजाच्या हिताचं मोजमाप आहे, ते बाजूला ठेवता येणार नाही. २००९ मध्ये फेरसुनावणीत परवानगी नाकारली गेली. तेव्हापासून नव्या अर्जांच्या सुनावणीला नगर परिषदा आकडे घेऊन उभ्या राहतात. ब्रिंबँकसारख्या, स्थलांतरितांच्या आणि कमी मिळकतीच्या वस्त्यांत लोक सर्वात जास्त हरतात, आणि अशा ठिकाणी या सुनावण्यांना फार अर्थ आहे.

आमच्या भागातल्या अशा एका सुनावणीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. साठीच्या एका निवृत्त नर्सने तीन मिनिटं बोलायची परवानगी घेतली होती. तिने घरून एक वही आणली होती, नवऱ्याच्या बँक खात्यातून निघालेल्या रकमांची. तारीख, वेळ, रक्कम, असं ती वाचत गेली. ९:१४ ला ५०, ९:२६ ला ५०, ९:४१ ला १००. तीन मिनिटं संपली तेव्हा ती एकाच संध्याकाळच्या पावणेअकरापर्यंत पोचली होती.