तळ्यात झिंगे असतील तर उवांचं औषध घेण्याआधी हे वाचा

"माशांना उवा लागल्या, औषध द्या," असं कुणी म्हटलं की आम्ही आधी विचारतो, तळ्यात झिंगेही सोडले आहेत का? काहींना हा प्रश्न आवडत नाही, घाई असते. पण न सांगता नेलेलं औषध पाण्यात पडलं की झिंगे काठाशी मरून येतात आणि "तुमचं बीजच (तळ्यात सोडायची झिंग्याची पिल्लं) खराब होतं" अशी तक्रार येते. बीज खराब नसतं, औषधाने मेलेलं असतं.

माशाच्या अंगाला चिकटणारी ऊ, म्हणजे अर्गुलस, जनावराच्या उवेसारखा किडा नाही. ती, झिंगा आणि खेकडा तिघंही कवचधारी, म्हणजे क्रस्टेशिया. कायटिनचं कडक कवच, सांधे असलेले पाय आणि बहुतेकांच्या डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या. किड्यांना एकच जोडी असते. झिंगा आणि खेकडा दहा पायांच्या गणातले. ऊ वेगळ्या गटात, पाण्यातले बारीक डाफ्निया आणि सायक्लॉप्स आणखी वेगळ्या. नारूचा रोग पसरायचा तो पाण्यातल्या सायक्लॉप्समुळेच, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगत. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. तळ्यात मात्र हेच बारीक जीव माशांच्या पिल्लांचं खाणं असतात.

किडेही या सगळ्यांचे जवळचे नातलग. म्हणून सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं पऱ्हाटीवरच्या किडीइतकीच उवेच्या आणि झिंग्याच्या नसांवर चालतात. उवा मारायच्या मात्रेत मासा तगतो, झिंगा तगत नाही. मात्रा अर्धी करून भागत नाही.

झिंगे असलेल्या तळ्यासाठी आम्ही हे औषध देत नाही. त्यात आमची विक्री जाते, पण तुमचं बीज वाचतं. झिंग्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, त्यामुळे हॅचरीला खारं पाणी हवं आणि आपल्याकडे बीज लांबून आणावं लागतं. दर त्यामुळेच जास्त असतो.

मग करायचं काय? ऊ आपली अंडी पाण्यातल्या टणक वस्तूला चिकटवते. बांबूच्या कामट्या किंवा लाकडी फळ्या पाण्यात उभ्या रोवा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, मग पुन्हा लावा. काम चिकाटीचं आहे, पण चालतं. मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थांनी तर हे हंगामाच्या सुरुवातीपासून करावं. नवं बीज सोडण्याआधी मासे तपासून घेणंही बरं.

पाण्यात रिकामी, पारदर्शक टरफलं दिसली तर घाबरून फोन करू नका. झिंगा वाढताना कात टाकतो. आत मांस असेल तरच झिंगा मेलेला समजा.

फवारणीचा पंप आणि डबे तळ्यात किंवा तळ्याला मिळणाऱ्या नाल्यात धुऊ नका. ऊ ओळखू येत नसेल तर तळ्याच्या पाण्यासकट बाटलीत घालून दुकानात आणा. भिंगाखाली बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.