मेंडोलिनचं दुसरं बटण

नवं मेंडोलिन खोक्यातून काढलं की बुडाला, टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवायच्या धातूच्या पत्र्याच्या) मधोमध, बहुधा गळ्यातला पट्टा अडकवायचं एक बटण दिसतं. पट्ट्याचं दुसरं टोक अडकवायला मात्र जागा नसते. यात बनवणाऱ्याची चूक नाही. हे वाद्य मुळात बसून वाजवायचं.

अठराव्या शतकात नेपल्समध्ये जे मेंडोलिन घडलं, त्याचं पोट अर्ध्या भोपळ्यासारखं गोल होतं. तारांच्या चार जोड्या आणि त्या व्हायोलिनसारख्याच सुरांत लावलेल्या. विनाच्चिया घराण्याचे कारागीर यात अग्रेसर होते. वादक ते मांडीवर घेऊन छातीशी टेकवत, त्यामुळे पट्ट्याची निकड नव्हती. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी 1898 साली कोरीव, उथळ पोटाच्या मेंडोलिनचं पेटंट मिळवलं, आणि तिथून दोन घाट रूढ झाले: थेंबाच्या आकाराचं ए, आणि खांद्याला लाकडी वेटोळं असलेलं एफ. हे वेटोळं शोभेचं, पण पट्ट्याचा फास त्यात नेमका बसतो. अमेरिकी ब्लूग्रास लोकसंगीताचे वादक बिल मन्रो 1923 साली बनलेलं एफ घाटाचं एफ-5 मेंडोलिन गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवत. ए घाटाला असं वेटोळं नाही, म्हणून अडचण त्याच्याच वाट्याला आली.

आपल्याकडे हिंदी चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन यांचं मेंडोलिन स्टुडिओत माइकसमोर गाजलं, तर यू. श्रीनिवास यांनी विजेवरचं मेंडोलिन कर्नाटक संगीताच्या मैफिलीत जमिनीवर बसून वाजवलं. दोन्हीकडे बैठकच. खानदेशात मात्र वरात असो की श्रावणात कानबाईचं विसर्जन, मिरवणुकीतलं वाजवणं चालता-चालता असतं. गळ्यात अडकवलेला बेंजो, म्हणजे मूळ 1912 च्या सुमाराचं जपानी ताइशोगोतो, लांब पेटीसारखा असतो. त्याला दोन टोकांना दोन कड्या ठोकल्या की झालं. ती सवय मेंडोलिनवर चालवायला गेलं की नुकसान होतं, कारण मेंडोलिनच्या कडेची फळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते. तिच्यात स्क्रू धरत नाही, आज ना उद्या उपटून येतो आणि फळी चिरते.

स्क्रूला भरीव लाकूड दोनच ठिकाणी मिळतं: बुडाचा आतला ठोकळा, आणि दांडी पोटाला मिळते तिथली हील. दुसरं बटण हीलवरच लावावं, खालच्या, म्हणजे बारीक तारांच्या बाजूला. हीलच्या पाठीवर लावलं तर वाद्य पुढे कलंडतं आणि वादकाला वाकून पाहावं लागतं. जागा हीलच्या मधोमध, कडेपासून किमान 8 मिमी आत. वर, बोटं ठेवायच्या पट्टीच्या अंगाला जाऊ नये, तिथे दांडीतली लोखंडी सळई असू शकते.

काम तारा न सोडता होतं. जागेवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे पॉलिशचा टवका उडत नाही. टोकदार आरीनं टोचा मारावा, मग ड्रिलनं सरळ भोक. सुमारे 4 मिमी जाडीच्या स्क्रूला मऊ लाकडात 2.5 मिमी, कठीण मेपलमध्ये 3 मिमीचं बिट. स्क्रू आत जेवढा जाणार तेवढ्या अंतरावर बिटला टेप गुंडाळावी. ही खोली हीलच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापलीकडे नको. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत, नाहीतर पितळेचं डोकं मोडून दांडा आतच राहतो. स्क्रूला मेण घासावं, बटणाखाली नमद्याची चकती घालावी आणि हातानं आवळावं. भोक न पाडता स्क्रू पिळला की हील चिरते, आणि ती चीर दुरुस्त करणं बटण लावण्याच्या दहापट अवघड.

बुडाचं बटण कधी स्क्रूचं असतं, कधी नुसती दाबून बसवलेली निमुळती लाकडी पिन. तिथे ड्रिल चालवायचं असेल तर टेलपीस काढावा लागतो आणि तारा सोडाव्या लागतात. मेंडोलिनची घोडी, म्हणजे पोटावर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून आधी तिच्या दोन्ही पायांशी टेपचे तुकडे लावून जागा धरून ठेवावी, नाहीतर घोडी सरकते आणि दांडीवरच्या वरच्या पडद्यांवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर जुळत नाहीत.

आपल्या हवेत या निमुळत्या पिनेवर लक्ष ठेवावंच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, लाकूड सुकून आकसतं आणि पिन सैल होते. पट्टा ओढताच ती निसटली तर किलोभर वजनाचं वाद्य थेट फरशीवर पडतं. पिनेला खडू घासून फिरवत दाबली तर उन्हाळा निघतो. ठोकून बसवू नये: श्रावणातल्या दमटपणात तीच पिन फुगते आणि ठोकळ्याला तडा देते. स्क्रूचं भोक झिजलं असेल तर सरस लावलेल्या काडेपेटीच्या काड्या त्यात गच्च भराव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, मग पुन्हा बारीक भोक पाडावं.

भोक पाडायचंच नसेल, तर पट्ट्याची दोरी शेंड्याला, नटच्या (दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) मागे, तारांखालून ओवून बांधायची जुनी रीत आहे. त्यात लाकडाला धक्का लागत नाही, पण पट्टा डाव्या हाताच्या आड येतो आणि ताण दांडीवर पडतो. बसून सरावापुरतं ठीक. वरातीत तीन-चार तास वाजवायचं असेल तर हीलचंच बटण हवं, आणि पट्टा 25 ते 40 मिमी रुंदीचा. गिटारचा रुंद पट्टा या लहान अंगावर घड्या पाडतो आणि त्याची चीर मोठी असल्यानं बटणावरून सुटतो.