घरातून पळून जाणारी मुलं आणि घरचं वातावरण

अठरा वर्षांखालचं मूल कुणाला न सांगता घर सोडून गेलं की आपल्याकडे ते 'पळून गेलं' म्हणतात. महाराष्ट्रात अशी बरीच पोरं मुंबईच्या स्टेशनांवर सापडतात, सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनस, कल्याण, कारण लांबच्या गाड्या इथेच येतात.

का आलास विचारलं तर कारण एवढंसं असतं, पप्पांनी मारलं, नापास झालो, मोबाईल काढून घेतला. पण ते निमित्त झालं. मागे बापाची दारू, आईला रोजची मारहाण, सावत्र बापाचा जाच, नाहीतर आईबाप दोघंही कामावर आणि दिवसभर जेवलास का विचारायला घरात कुणी नाही, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. नुसत्या गरिबीवर ढकलून चालत नाही, खाऊनपिऊन सुखी घरातली पोरंही मार्कांच्या धाकाने निघतात, आणि तितक्याच गरीब शेजाऱ्याचं पोरगं कुठे जात नाही कारण मार खाल्ल्यावर कुशीत घ्यायला तिथे आजी असते. मुलींच्या बाबतीत जबरदस्तीने ठरवलेलं लग्न किंवा घरातल्याच माणसाचा त्रास असू शकतो, आणि ते त्या पटकन बोलत नाहीत.

स्टेशनवर आरपीएफवाल्याने (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने) हटकलं की पोरगं आधी खोटं नाव सांगतं, आईबाप वारले म्हणतं. दप्तरात पुस्तकांच्या जागी दोन शर्ट कोंबलेले. दोन-तीन दिवस नीट जेवण-झोप झाली की मग हळूहळू बोलायला लागतं, आणि कधीकधी स्वतःच्या खऱ्या नावाआधी धाकट्या बहिणीचं नाव तोंडातून निघतं. पण असं कुणाच्या हाती लागलंच नाही तर स्टेशनवरची मोठी पोरं बाटल्या वेचायला आणि नशेसाठी सोल्युशन (चिकटवायचं द्रव्य) हुंगायला शिकवतात.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे त्याला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे, न्यावं लागतं. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. समिती घरची चौकशी करायला लावते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, कारण बाप रडत आला, सही केली, पोरगं ताब्यात दिलं एवढ्यावर भागवलं तर घर होतं तसंच राहतं. मग ते परत पळतं, आणि दुसऱ्या खेपेला शोधणं फार अवघड जातं, कुठली गाडी पकडायची, कुठे उतरायचं आणि पोलिसांना काय सांगायचं हे त्याला आता पाठ झालेलं असतं.