'लेस' आणि 'फ्यूअर': नियम की एकाची आवड?

इंग्रजीत 'कमी'साठी दोन शब्द: मोजता येतं तिथे 'फ्यूअर', मोजता येत नाही तिथे 'लेस'. 'लेस बुक्स' म्हणजे घोडचूक. शाळेत हे घोकून घेतलं जातं, पण इंग्रजीत हा नियम मुळापासून नव्हता.

नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनात 'लेस'चं जुनं रूप शब्दांच्या संख्येसाठी, म्हणजे मोजता येणाऱ्या गोष्टीसाठीच आलं आहे. पुढेही शतकानुशतकं हा वापर चालूच राहिला. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने म्हटलं की संख्येविषयी बोलताना आपल्याला 'फ्यूअर' अधिक बरं वाटतं. बस्स, एवढंच! त्याची ही आवड नंतरच्या व्याकरणकारांनी कायदा करून टाकली.

गंमत अशी की नियमाचे कट्टर पाईकही 'लेस दॅन टेन किलोमीटर्स'च म्हणतात. अंतर, वेळ, पैसे, वजन यांत आकडा असला तरी डोक्यात एकूण प्रमाण असतं. किलोमीटर कुणी सुटे सुटे मोजत बसत नाही. उलट बाजू मात्र पक्की आहे: 'फ्यूअर वॉटर' ही खरीच चूक.

ब्रिटनमध्ये सुपरमार्केटात कमी वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवर लागणाऱ्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाट्यांवरून शुद्धतावाद्यांनी इतकी कटकट केली की २००८ मध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने 'अप टू टेन आयटम्स' लिहून वादातून अंग काढून घेतलं.

परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात 'फ्यूअर बुक्स'च लिहा, तपासणारा बेकरच्या बाजूचा असण्याची शक्यता दाट. बोलताना 'लेस' म्हणणाऱ्याला मात्र टोकू नका.