मृगाचं पाणी आणि हत्तीचं पाणी: गळ कधी टाकायचा?

मृगात नदीला पहिलं पाणी आलं की आमच्याकडं फोन सुरू होतात, "पाणी आलंय, काठ्या काढा." सप्टेंबरच्या शेवटी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस झाला की पुन्हा तेच फोन. दोन्ही वेळा सिंदफणा काठोकाठ, रंग दुधाळ चहाचा, पुलावर बघ्यांची गर्दी. बघणाऱ्याला पूर तो पूरच. माझ्या पहिल्या तीन-चार सहली याच समजुतीपायी वाया गेल्या.

मृग लागतो ७ जूनच्या आसपास. उन्हाळाभर डोहात कोंडलेल्या माशाला गार, वाहतं पाणी मिळालं की तो धारेच्या उलट निघतो. हेच चढणीचे मासे. रोहू, कटला, मृगळ हे साचल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना असं भरतं, वाहतं पाणी लागतं. बंधाऱ्याच्या सांडव्यावर ते उड्या मारतात, पोरं पोती आणि जुन्या मच्छरदाण्या घेऊन धावतात, आणि नव्या माणसाला वाटतं, हाच हंगाम! पण दिसणारा मासा वेगळा आणि गळाला लागणारा वेगळा. गढूळ पाण्यात आमिष दिसत नाही, अंड्यावर आलेल्या माशाचं खाण्याकडं लक्ष नसतं, आणि पुढं वर्षभराचा कचरा वाहत असतो. दिवसभर तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ओढून मी काय आणलं? पऱ्हाट्या, एक चप्पल आणि खताची पिशवी. एकदा सांडव्याखाली हातानं धरलेला रोहू घरी चिरला, तर पोटात अंड्यांच्या दोन लांबट थैल्या. मांस कमी, अंडीच जास्त. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागं दोन-तीन लाख अंडी असतात. त्यानंतर जूनमध्ये मी काठी बाहेर काढली नाही.

मरळ मात्र पावसाळ्यातही गळाला येते, आणि खरी फसगत तिथंच आहे. गवताळ कडेला पाण्यावर हातभर शेंदरी चकती थरथरताना दिसली, की ती मरळीची पिल्लं. खाली नर-मादी राखणीला असतात. तिथं बेडूक सोडला तर मरळ झडप घालते, पण भुकेनं नाही, रागानं. ती काढली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. आमच्या गावचे एक भोई मामा अशी चकती दिसली की पाटी उचलून पुढं जातात. श्रावण पाळणारी मंडळीही या दिवसांत माशांवर नकळत उपकार करतात म्हणा.

हत्तीचं पाणी, म्हणजे २७ सप्टेंबरच्या पुढचं, या सगळ्याच्या उलट. तोवर अंडी घालून झालेली असतात, अंगात भूक असते. पूर शिवारात शिरून किडे, गांडुळं, बारकी मासोळी घेऊन परत पात्रात उतरतो, आणि मासा नाल्याच्या तोंडाशी तोंड उघडून बसतो. फक्त लगेच धावायचं नाही. पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. कडेला कोपरापर्यंत हात पाण्यात घालावा. बोटांची नखं दिसली की पाणी निवळलं. दसऱ्यापासून दिवाळी उलटून पंधरवड्यापर्यंतचे दिवस माझ्या मते सोन्याचे. याच सुमारास कोल्हापुरी बंधाऱ्यांना दारं बसतात आणि वरच्या अंगाला पाणी तुंबतं. तिथं सकाळी रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून लावावी, अंधार पडताना वामसाठी (सापासारखा लांबट मासा) गांडूळ तळाशी सोडावं.

गोदावरीचं गणित मात्र नक्षत्रावर चालत नाही. पैठणच्या वर नाशिक-नगरकडं पाऊस झाला की नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरतो, दारं उघडतात, आणि इथं आभाळ कोरडं असताना खाली नांदेडपर्यंत नदी फुगते. भोंगा वाजला की काठी, डबा तिथंच टाकून वर यायचं. २०२५ च्या सप्टेंबरात तर मांजरा, सिंदफणेनंही परतीचा पाऊस काय करू शकतो ते दाखवलं. अशा वर्षी आठ-दहा दिवस नाही, महिना थांबावं लागतं.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मासा सुस्त; ऊन चढल्यावर दुपारी थोडा हलतो. रब्बीचं आवर्तन (पिकांसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटलं की पाणी रोज वरखाली होतं, मग जागा सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये आटलेल्या डोहात मासे भरपूर लागतात, पण तेच पुढं मृगात चढणीला निघणार असतात, म्हणून मी त्या डोहांना हात लावत नाही.

जायच्या आधी एक काम करा. धरणांचे आणि बऱ्याच बंधाऱ्यांचे मासेमारीचे हक्क स्थानिक मच्छीमार सोसायटीकडं असतात, तर नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आधी विचारून घ्या. आमच्याकडं सोसायटीच्या माणसाला चहा पाजून विचारलं, तर कुठल्या कपारीत वाम आहे तेही तोच सांगतो.