कवळी घासणे आणि कवळी निर्जंतुक करणे

रोज सकाळी ब्रशने खसाखसा घासून, नळाखाली धुऊन पुन्हा तोंडात बसवलेली कवळी दिसायला अगदी स्वच्छ असते. तरीही ती काढून पाहिले तर अनेकांच्या टाळूवर नेमका कवळीच्याच आकाराचा लाल पट्टा दिसतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून आजी-आजोबा सांगत नाहीत आणि घरच्यांना कळत नाही. याच्या मुळाशी बहुतेक वेळा कॅन्डिडा ही बुरशी असते. कवळी रोज घासूनही ती टिकते, कारण ब्रश घाण काढतो; जंतू मारण्याचे काम त्याचे नाही.

म्हणून घासणे दुय्यम ठरते असे मात्र नाही. कॅन्डिडा एकटी राहत नाही. इतर जिवाणूंच्या सोबतीने ती कवळीवर बुळबुळीत थर बांधते आणि या थराच्या आत औषधी द्रव नीट पोहोचत नाही. थर मोडायचा तर ब्रशच हवा. चूक होते ती घासण्याच्या जागेत. आपण समोरचे, दिसणारे दात चमकवतो. बुरशी असते टाळूला चिकटणाऱ्या आतल्या बाजूला. कवळी नीट बसावी म्हणून ती बाजू बनवतानाच पॉलिश केलेली नसते. शिवाय कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची (एक प्रकारचे प्लास्टिक) बनते, त्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यात ब्रशचे केस शिरत नाहीत, बुरशी मात्र शिरते.

टूथपेस्टबद्दल मी आग्रहाने सांगेन: कवळीला ती लावू नका. खऱ्या दातांच्या मानाने अ‍ॅक्रिलिक खूप मऊ असते. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी त्यावर ओरखडे उठतात आणि प्रत्येक ओरखडा बुरशीला नवी जागा देतो. दंतमंजन, राख किंवा मिशेरी तर त्याहून वाईट. मऊ ब्रश आणि सौम्य द्रव साबण पुरतो. घासताना बेसिनमध्ये थोडे पाणी किंवा खाली टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी कवळी फुटत नाही.

निर्जंतुक करणे म्हणजे घासून झालेली कवळी ठरावीक वेळ जंतुनाशकात भिजवणे. बुरशीवर सर्वांत प्रभावी द्रवांपैकी एक म्हणजे पातळ केलेले सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधे ब्लीच. पण त्याला वेळेचे बंधन आहे. अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार कवळी त्यात १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त ठेवली तर गुलाबी रंग फिका पडतो. धातूची पट्टी किंवा तारा असतील तर त्या गंजतात, म्हणून अशा कवळीला ब्लीच वापरायचेच नाही. आत मऊ अस्तर असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचे. किती पातळ करायचे तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. सुवासिक किंवा साबणमिश्रित ब्लीच चालत नाही, आणि त्यात व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू निघतो.

धातू असलेल्या कवळीसाठी बरेच डॉक्टर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सुचवतात. त्याने धातूला त्रास होत नाही, पण बराच काळ वापरले तर तपकिरी डाग पडतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या डाग आणि घाण काढायला चांगल्या, आणि बुरशीही काही प्रमाणात कमी करतात. मात्र फेस आला म्हणजे बुरशी संपली असे समजू नये. त्यातल्या परसल्फेट या रसायनाची काहींना अ‍ॅलर्जी असते. ती गोळी तोंडात कधीही घ्यायची नाही, कवळी बाहेर काढूनच वापरायची. यातले काहीही वापरले तरी तोंडात घालण्यापूर्वी कवळी वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी.

उकळते पाणी मात्र नको. भांडी उकळून घेण्याची सवय असलेल्या घरात हा मोह होतो, पण त्याने कवळी वाकडी होते. वाकडी कवळी टाळूला घासते आणि घासलेल्या जागी बुरशी अधिक सहज वाढते.

रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवली की ती निर्जंतुक झाली, असाही समज असतो. ते पाणी फक्त कवळी वाळून आकार बिघडू नये यासाठी असते. पाणी रोज बदलावे, डबीही घासावी. पण रात्री कवळी काढणे फार महत्त्वाचे आहे. वरच्या कवळीखाली लाळ पुरेशी पोहोचत नाही, त्यामुळे टाळूला काही तास मोकळे मिळायलाच हवेत. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यापुढच्या ५२४ जणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

मधुमेह असेल, तोंड कोरडे पडत असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप चालू असेल, तर बुरशी लवकर वाढते. टाळू लाल दिसली किंवा ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. ते बुरशीचे औषध लावायला देतील, पण त्याच दिवसांत कवळीही निर्जंतुक करायला हवी. नाहीतर बरी झालेली टाळू त्याच कवळीमुळे पुन्हा लाल होते. औषध निस्टॅटिन असेल तर ते आणि क्लोरहेक्सिडिन एकाच वेळी वापरू नये, एकामुळे दुसऱ्याचा परिणाम घटतो. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.