मत नाण्याचे, अंमल कोडचा: ऑन-चेन कारभाराची पार्श्वभूमी

ऑन-चेन कारभार म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीवरच मत घेऊन निर्णय कोडने अमलात आणणे. बिटकॉइनच्या २००८ मधील मूळ मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात, नोड (जाळ्यात सहभागी असलेले संगणक) आपल्या संगणकशक्तीने मत देतात असा उल्लेख आहे. ते मत मात्र समोर आलेला ब्लॉक (साखळीत जोडला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा) ग्राह्य धरायचा की नाही एवढ्यापुरतेच असते. ज्या नियमांनी तो ग्राह्य ठरतो ते नियमच बदलायचे झाले तर अखेरचा शब्द कोणाचा, हे तेथे ठरवलेले नाही. पुढे सुधारणांचे प्रस्ताव लेखी मांडण्याची पद्धत २०११ पासून रुळली आणि मायनरनी, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्यांनी, ब्लॉकमध्ये खूण ठेवून तयारी कळवण्याची सोयही झाली, तरी निर्णय शेवटी कोण कोणते सॉफ्टवेअर चालवतो यावरच राहिला. ब्लॉकच्या आकारावरचा वाद काही वर्षे धुमसला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश वेगळे निघाले, ते याच मोकळ्या राहिलेल्या जागेमुळे.

इथेरियम या दुसऱ्या जाळ्यावर हा प्रश्न त्याआधीच, २०१६ मध्ये, उघडा पडला होता. ‘द डीएओ’ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीत त्या वर्षी सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर (इथेरियमचे नाणे) जमा झाले. पैसे कोणत्या प्रकल्पाला द्यायचे हे टोकनधारकांच्या (निधीतील वाट्याचे टोकन मिळालेल्यांच्या) मतांनी ठरणार होते आणि ठरल्यावर ते देण्याचे काम स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा कोड, करणार होता. १७ जूनला कोडमधील त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख ईथर वळते केले. ते परत आणायचे तर साखळीचा नियम एकदा तरी वाकवावा लागणार होता, म्हणून कौल घेण्यात आला. होकाराच्या किंवा नकाराच्या पत्त्यावर शून्य रकमेचा व्यवहार पाठवायचा आणि पाठवणाऱ्याच्या खात्यात जेवढे ईथर असेल तेवढे त्याच्या मताचे वजन, अशी त्याची साधी रीत होती. पडलेल्या मतांत फोर्कच्या, म्हणजे नियम बदलून साखळी नव्या वाटेने नेण्याच्या, बाजूने मोठे बहुमत झाले, पण एकूण ईथरचा दहावा हिस्साही मतदानात उतरला नव्हता. शिवाय हा कौल कोणावरही बंधनकारक नव्हता. विकासकांनी तो जमेस धरला, २० जुलैला हार्ड फोर्क झाला आणि तो अमान्य असणाऱ्यांनी जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. ऑन-चेन कारभाराची पुढची बहुतेक कलमे या एका कौलातील उणिवांकडे बोट दाखवतात, असे मला वाटते: किती मते पडली तर निकाल धरायचा, कोणत्या क्षणीची शिल्लक मोजायची आणि निकाल अमलात आणणार कोण.

शेवटच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर तेझोस या जाळ्याने दिले. त्याची संकल्पना २०१४ मध्ये मांडली गेली होती आणि जाळे २०१८ मध्ये सुरू झाले. येथे प्रस्ताव म्हणजे नव्या प्रोटोकॉलचा कोडच असतो. तेझोसवर ब्लॉक तयार करणाऱ्यांना ‘बेकर’ म्हणतात. ते आधी प्रस्ताव निवडतात, मग त्यावर मत देतात, मधला काळ विचारासाठी राखलेला असतो (२०२१ पर्यंत तो चाचणीसाठी होता) आणि त्यानंतर अखेरचे मतदान होते. मंजुरीला ८० टक्के होकार लागतो, तर गणपूर्तीचा आकडा आधीच्या मतदानांतील सहभागानुसार वरखाली होतो. ठराव मंजूर झाला की ठरलेल्या ब्लॉकपासून नोड स्वतःहून नव्या नियमांवर जातात. मे २०१९ मध्ये लागू झालेली ‘अथेन्स’ ही या मार्गाने आलेली पहिली सुधारणा. ती मुद्दाम लहान ठेवलेली होती; बेकर होण्यासाठी लागणारी किमान रक्कम तिने १०,००० वरून ८,००० तेझवर आणली.

त्याच वर्षी सुरू झालेल्या कॉसमॉस हब या साखळीने कमी सहभागावर वेगळा तोडगा काढला. ज्याने आपली नाणी एखाद्या व्हॅलिडेटरकडे (ब्लॉक पडताळणाऱ्याकडे) सोपवली आहेत त्याने स्वतः मत दिले नाही, तर व्हॅलिडेटरचे मत तेच त्याचेही धरले जाते. गणपूर्ती ४० टक्क्यांची आहे, आणि एक तृतीयांशाहून अधिक मते ‘नकाराधिकारासह विरोध’ या पर्यायावर पडली तर बहुमत असूनही ठराव फेटाळला जातो.

आक्षेप तोवर घेतले गेलेच होते. इथेरियमचे संशोधक व्लाद झाम्फिर आणि सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी २०१७ मध्येच लिहिले होते की नाण्यांनी मोजलेले मत श्रीमंताचेच असते. मार्च २०२० मध्ये स्टीम या साखळीवर ते अक्षरशः दिसले: ट्रॉन या साखळीचे संस्थापक जस्टिन सन यांच्या बाजूने काही मोठ्या एक्स्चेंजनी (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांनी) ग्राहकांनी ठेवायला दिलेल्या नाण्यांच्या बळावर मतदान केले आणि साखळी चालवणारे प्रतिनिधी बदलले गेले. नाणी ग्राहकांची, मत सांभाळणाऱ्याचे. नाराज सदस्यांनी ‘हाइव्ह’ ही वेगळी साखळी काढली.

जून २०२० पासून कंपाउंड या कर्जव्यवहाराच्या व्यवस्थेने आपला कारभार कॉम्प टोकनच्या धारकांकडे दिला आणि तिची रचना पुढे अनेकांनी उचलली. मतदान सुरू होते त्या ब्लॉकला खात्यावर जेवढे टोकन होते तेवढेच मोजले जाते, म्हणजे नंतर उसने आणलेले टोकन कामाचे नाही. आणि मंजूर ठरावालाही दोन दिवस थांबावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ६२ क्रमांकाच्या ठरावाच्या कोडमध्ये चूक निघाली आणि कोट्यवधी डॉलर किमतीचे कॉम्प भलत्या खात्यांना मिळू लागले. चूक लगेच लक्षात आली, पण ती दुरुस्त करण्याचा ठरावही त्याच पायऱ्यांनी जाणार असल्याने जवळजवळ आठवडाभर केवळ वाट पाहणे भाग पडले.

उलट टोकाचे उदाहरण बीनस्टॉक या प्रकल्पाचे. तेथे तातडीची वाट ठेवलेली होती: ठराव येऊन २४ तास उलटले आणि दोन तृतीयांश मते मिळाली की तो लगेच लागू करता येई, आणि मते मोजली जात ती त्या क्षणीच्या शिल्लकेवर. एप्रिल २०२२ मध्ये एकाने निधी स्वतःकडे वळवणारा ठराव आदल्या दिवशी मांडून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने फ्लॅश लोनने, म्हणजे त्याच व्यवहारात फेडायच्या विनातारण कर्जाने, प्रचंड रक्कम उचलली, ती जमा करून मतांचा अधिकार मिळवला, ठराव मंजूर करून अमलात आणला आणि कर्ज फेडले. हे सारे एकाच व्यवहारात उरकले. बीनस्टॉकचे नुकसान सुमारे १८ कोटी डॉलरचे झाले. कारभाराचा एकही नियम मोडला गेला नव्हता, हे या प्रकरणातील खरे दुखणे.

थांबायचे किती, हा प्रश्न पोल्काडॉट या साखळीने जून २०२३ मध्ये लागू केलेल्या ‘ओपनगव्ह’ या कारभारपद्धतीने वाटून घेतला आहे. ठरावांचे वेगवेगळे मार्ग आखले असून किरकोळ खर्चाला कमी आणि मूलभूत बदलाला जास्त मुदत लागते. मतदाराने नाणी जितकी जास्त काळ अडकवून ठेवावीत तितके मताचे वजन वाढते, कमाल सहापट. अजिबात न अडकवल्यास ते दशांशावर येते. तातडीच्या दुरुस्तीसाठी वेगळा जलद मार्ग आहे, पण त्यावर नेण्याआधी ‘टेक्निकल फेलोशिप’ या जाणकारांच्या मंडळाने त्या ठरावाला पसंती द्यावी लागते. मंडळाने नुसते होय म्हणून ठराव लागू होत नाही, त्यावर टोकनधारकांचे मतदान व्हावेच लागते. मात्र तातडी आहे की नाही, हे ओळखण्याचे काम येथे पुन्हा माणसांकडेच आले आहे.